शिशाचा कण आणि पृथ्वीचे वय : भू-रसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांच्या संशोधनाचा अभ्यास

इतिहासाच्या अभ्यासकाला पुरावा लागतो. शिलालेख, ताम्रपट, नाणी, खापराचे तुकडे, जुन्या दप्तरांतील नोंदी यांच्या आधारे तो भूतकाळाची मांडणी करतो. परंतु जेथे माणूसच नव्हता, लिपी नव्हती, नाणे नव्हते, त्या काळाचा पुरावा कोठे शोधावयाचा? तो दगडात, समुद्राच्या पाण्यात आणि बर्फाच्या थरांत असतो. तो वाचणाऱ्या शास्त्राला भू-रसायनशास्त्र म्हणतात. प्रस्तुत लेखात आम्ही या शास्त्रातील एका थोर संशोधकाच्या कार्याचा परिचय करून देत आहोत. त्यांचे नाव क्लेअर कॅमेरॉन पॅटरसन. पृथ्वीचे वय त्यांनी निश्चित केले. ते करीत असताना त्यांना अशी एक गोष्ट आढळली की जिच्यामुळे त्यांचे उर्वरित आयुष्य बदलून गेले आणि पुढे जगभरातील कोट्यवधी मुलांच्या रक्तातील विष कमी झाले.

हा विषय निवडण्यामागे आमचा हेतू आहे. विद्यार्थ्यांना शास्त्रज्ञांची नावे आणि शोधांची वर्षे पाठ असतात. पण शोध कसा लागतो, त्यासाठी काय सोसावे लागते, बलवानांच्या हिताविरुद्ध गेलेले सत्य मान्य व्हावयास किती वर्षे लागतात, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच येते.

प्रश्न किती जुना

पृथ्वीचे वय काय, या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे मिळाली. सतराव्या शतकात आयर्लंडमधील आर्चबिशप जेम्स अशर यांनी धर्मग्रंथातील वंशावळींवरून हिशेब मांडून सृष्टीची निर्मिती इ. स. पूर्व ४००४ मध्ये झाली असे सांगितले. एकोणिसाव्या शतकात लॉर्ड केल्विन यांनी तप्त गोळा थंड होण्यास लागणाऱ्या काळावरून काही कोटी वर्षे असा अंदाज बांधला. पहिल्या उत्तरामागे ग्रंथप्रामाण्य होते, दुसऱ्यामागे गणित होते. मात्र पृथ्वीच्या पोटातील हालचाली आणि किरणोत्सर्ग या गोष्टी केल्विन यांच्या हिशेबात आलेल्या नव्हत्या. विसाव्या शतकात आर्थर होम्स आदी अभ्यासकांनी किरणोत्सर्गाच्या आधारे हे वय तीन अब्ज वर्षांच्या पुढे नेले. तरीही नेमका आकडा कोणाच्या हाती लागला नव्हता.

आयोवातील विद्यार्थी

पॅटरसन यांचा जन्म २ जून १९२२ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यातील मिचेलव्हिल या लहान गावी झाला. वडील टपाल खात्यात होते. आई शिक्षणाविषयी आस्था असणारी, शाळा समितीवर काम केलेली स्त्री होती. तिने मुलाला रसायनशास्त्राच्या प्रयोगांची पेटी आणून दिली आणि मुलाला त्या विषयाचा नाद लागला. पालकवर्गाने ही नोंद अवश्य लक्षात घ्यावी.

ग्रिनेल कॉलेजातून १९४३ मध्ये पदवी घेऊन त्यांनी आयोवा विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. दुसऱ्या महायुद्धात ते आणि त्यांच्या पत्नी लॉर्ना अणुबाँबच्या प्रकल्पात ओक रिज येथे काम करीत होते. त्या कामाची खंत त्यांना पुढे आयुष्यभर राहिली. मात्र तेथेच मास स्पेक्ट्रोमीटर या यंत्राशी त्यांचा परिचय झाला. एकाच मूलद्रव्याचे पण वेगवेगळ्या वजनाचे अणू म्हणजे समस्थानिके. ही समस्थानिके वेगळी करून मोजणारे हे यंत्र होय. युद्धानंतर ते शिकागो विद्यापीठात हॅरिसन ब्राउन यांचे विद्यार्थी झाले आणि १९५१ मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली.

शिशाचे घड्याळ

येथे थोडे शास्त्र समजून घेऊ. युरेनियम हे मूलद्रव्य स्थिर नाही. ते अतिशय सावकाश, पण ठरलेल्या गतीने क्षय पावते आणि शेवटी त्याचे शिसे होते. युरेनियम-२३८ चा अर्धा साठा संपावयास सुमारे ४.४७ अब्ज वर्षे लागतात व त्यापासून शिसे-२०६ तयार होते. युरेनियम-२३५ चा अर्धा साठा सुमारे ७० कोटी वर्षांत संपतो व त्यापासून शिसे-२०७ मिळते. शिसे-२०४ मात्र कशापासूनही तयार होत नाही. ते आरंभी जेवढे होते तेवढेच राहते. घरातील रांजणात नळाचे पाणी एका गतीने पडत असेल, तर रांजण किती भरला यावरून नळ केव्हा सोडला हे सांगता येते. तसेच दगडातील शिसे मोजले की दगडाचे वय निघते. अट एकच : रांजणात आधीपासून किती पाणी होते हे ठाऊक हवे, आणि मधल्या काळात बाहेरून कोणी तांब्याभर पाणी ओतलेले नसावे.

या दोन अटींनीच पॅटरसन यांच्या पुढील आयुष्याची दिशा ठरविली. पहिल्या अटीने त्यांना पृथ्वीच्या वयापर्यंत नेले आणि दुसरीने शिशाच्या प्रदूषणापर्यंत.

स्वच्छतेची शिस्त

ब्राउन यांनी त्यांना झिरकॉन या खनिजाच्या सूक्ष्म कणांतील शिसे मोजावयास सांगितले. सहाध्यायी जॉर्ज टिल्टन युरेनियम मोजीत आणि पॅटरसन शिसे. युरेनियमचे आकडे अपेक्षेप्रमाणे येत, शिशाचे मात्र नेहमीच फार जास्त. नमुना तोच, रीत तीच, तरी उत्तर चुकीचे! दुसऱ्या एखाद्याने यंत्राला दोष दिला असता किंवा सोयीचे आकडे ठेवून गैरसोयीचे टाकून दिले असते. पॅटरसन यांनी शिसे येते कोठून याचा शोध सुरू केला. ते भांड्यांत होते, रसायनांत होते, नळाच्या पाण्यात होते, भिंतीच्या रंगात होते, हवेतल्या धुळीत होते, माणसाच्या केसांत आणि कपड्यांवरही होते. बाहेरून रांजणात पाणी पडत होते, ते असे.

१९५२ मध्ये ते कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत आले. तेथे त्यांनी आत गाळलेली हवाच येईल आणि आतील दाबामुळे बाहेरची धूळ शिरणार नाही अशी प्रयोगशाळा उभारली. भांडी आम्लांत पुनःपुन्हा धुतली जात. रसायने स्वतः शुद्ध करून घेतली जात. आज संगणकाच्या चिप बनविणाऱ्या कारखान्यांतून अशा निर्मळ खोल्या सर्रास असतात. त्या काळी रसायनशास्त्रात ही कल्पना नवीन होती. त्यांच्या हाताखालील विद्यार्थ्यांना ही शिस्त जाचक वाटे. परंतु पुढील प्रत्येक निष्कर्ष या शिस्तीवरच उभा राहिला.

अशनीतील उत्तर

आता पहिल्या अटीकडे वळू. पृथ्वीच्या जन्माच्या वेळी मूळचे शिसे किती होते? पृथ्वीवरील खडक वितळून, घुसळून, झिजून गेले आहेत. त्यांच्यात ती जुनी नोंद शाबूत नाही. परंतु आकाशातून पडणारे अशनी हे सूर्यमालेच्या घडणीच्या वेळचे उरलेले तुकडे आहेत. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी लोखंडी अशनी कोसळून सव्वा किलोमीटर रुंदीचे विवर झाले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवरही अशाच आघाताने बेसाल्ट खडकात झाले आहे आणि ते त्याहून मोठे आहे. ॲरिझोनातील विवराजवळ सापडलेल्या कॅन्यन डायब्लो अशनीत ट्रॉयलाइट नावाचे खनिज असते. त्यात शिसे असते, पण युरेनियम जवळजवळ नसतेच. म्हणजे त्या शिशात जन्मापासून भर पडलेली नाही. रांजणात आरंभी असलेले पाणी जणू वेगळे काढून झाकून ठेवलेले सापडले.

१९५३ मध्ये शिकागोजवळील आरगॉन येथील राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या यंत्रावर पॅटरसन यांनी हे शिसे मोजले आणि हिशेब जुळला. त्यानंतर ते आयोवात आपल्या घरी गेले. उत्तर हाती आल्याच्या आवेगाने आपल्याला हृदयविकाराचा झटका येत आहे असे त्यांना वाटले आणि त्यांनी आईला दवाखान्यात न्यावयास सांगितले, असे त्यांनीच पुढे एका मुलाखतीत कथन केले आहे. १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी वेगवेगळ्या अशनींचे आणि समुद्रतळाच्या गाळातील शिशाचे आकडे एकाच सरळ रेषेवर बसतात हे दाखवून दिले. पृथ्वी आणि अशनी एकाच काळचे ठरले आणि ते वय निघाले ४.५५ अब्ज वर्षे, सात कोटी इकडे किंवा तिकडे. त्यानंतर यंत्रे कितीतरी सुधारली, चंद्रावरील दगड हाती आले, तरीही हा आकडा मूलतः तसाच टिकून आहे.

समुद्राने दिलेली साक्ष

अन्य कोणी येथे थांबून मानसन्मान स्वीकारले असते. पॅटरसन यांच्या मनात मात्र दुसरा प्रश्न घर करून होता. प्रयोगशाळेत शिरणारे एवढे शिसे आले कोठून? त्यांनी व सहकाऱ्यांनी समुद्राच्या पाण्याचे नमुने तपासले. खोल पाण्यात शिसे अत्यल्प होते, तर पृष्ठभागाजवळ ते कित्येक पट जास्त आढळले. समुद्राचे पाणी वरून खाली मिसळण्यास शेकडो वर्षे लागतात. तेव्हा वरच्या थरातील शिसे नुकतेच, आणि तेही हवेतून आलेले असले पाहिजे, असा निष्कर्ष १९६३ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केला.

हवेत शिसे सोडणारा मोठा उद्योग उघड होता. १९२१ मध्ये टॉमस मिजली यांनी पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड मिसळल्यास इंजिन ठोके देत नाही, हे शोधून काढले होते. १९२४ मध्ये न्यू जर्सीतील कारखान्यात हे द्रव्य बनविताना विषबाधा होऊन पाच कामगार मरण पावले. ॲलिस हॅमिल्टन यांच्यासारख्या वैद्यकतज्ज्ञ स्त्रीने तेव्हाच विरोध नोंदविला होता. तरीही विक्री चालूच राहिली आणि पुढील चाळीस वर्षे जगातील मोटारींच्या धुरातून शिसे रस्त्यांवर, शेतांवर आणि मुलांच्या श्वासात उतरत राहिले.

‘सर्वसाधारण’ म्हणजे ‘नैसर्गिक’ नव्हे

आमच्या मते पॅटरसन यांच्या कार्याचा गाभा १९६५ च्या निबंधात आहे. त्या काळी शिशाच्या विषयातील सर्वांत वजनदार अधिकारी म्हणजे डॉ. रॉबर्ट किहो. त्यांच्या प्रयोगशाळेला शिशाचे द्रव्य विकणाऱ्या कंपन्यांकडून पैसा मिळत असे. त्यांचा युक्तिवाद असा : शिसे सर्वांच्याच शरीरात सापडते, म्हणून ते स्वाभाविक आहे. एका ठरावीक मर्यादेखाली त्यापासून अपाय नाही. मेक्सिकोतील शहरापासून दूर राहणाऱ्या गावकऱ्यांच्या शरीरातही शिसे आढळले, हे ते पुराव्यादाखल सांगत. मात्र त्या गावकऱ्यांच्या मातीच्या भांड्यांनाच शिशाचा मुलामा होता.

पॅटरसन यांनी वेगळ्या ठिकाणाहून हिशेब मांडला. खडकात, मातीत, पाण्यात निसर्गतः शिसे किती असते आणि त्यातून अन्नावाटे माणसात किती यावे, हे त्यांनी काढले. तेव्हा विषबाधेची मर्यादा रक्ताच्या दर डेसिलिटरला सुमारे ८० मायक्रोग्रॅम मानली जाई आणि सामान्य अमेरिकन नागरिकाच्या रक्तात सुमारे २० असे. मर्यादेच्या चौथाईवर असल्याने कोणालाच चिंता वाटत नव्हती. पॅटरसन म्हणाले की नैसर्गिक प्रमाण या २० च्याही शंभराव्या भागाच्या आसपास असले पाहिजे. सर्वांच्या शरीरात विष आहे याचा अर्थ ते स्वाभाविक आहे असा नसून सर्वांनाच विष दिले जात आहे, असा होतो.

वाचकहो, या विचाराचे मोल प्रयोगशाळेपुरते नाही. जे सर्वत्र आढळते, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले असते, ते निसर्गाचेच विधान आहे असे सांगण्याची रीत जुनी आहे. आपल्या समाजाने ती रीत अन्य संदर्भात पुरेपूर अनुभवली आहे. ‘हे असेच असते’ या वाक्याला ‘हे असे केव्हापासून आहे आणि कोणी केले?’ हा प्रश्न विचारणे हेच इतिहासाचे आणि विज्ञानाचेही काम होय.

हिमाचे दप्तर

हा प्रश्न सोडविण्यासाठी पॅटरसन ध्रुवीय प्रदेशांकडे वळले. ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथे दरवर्षी पडणारे हिम थराथराने साचते. प्रत्येक थरात त्या वर्षाची हवा आणि धूळ बंदिस्त होते. इतिहासाच्या शिक्षकाला हे वर्षवार लावलेल्या दप्तरासारखे वाटावे. अडचण अशी की त्यातील शिसे इतके सूक्ष्म की उघड्या हाताचा स्पर्शही पुरावा बिघडवी. प्रयोगशाळेत कमावलेली शिस्त येथे कामी आली. १९६९ मध्ये मुरोझुमी, चाऊ आणि पॅटरसन यांनी निष्कर्ष मांडले. ग्रीनलंडच्या बर्फातील शिसे प्राचीन काळापासून १९६० च्या दशकापर्यंत शेकडो पट वाढले होते. औद्योगिक क्रांतीबरोबर चढ सुरू झाला आणि १९४० नंतर तो एकदम तीव्र झाला.

याच दप्तरात पुढे आणखी जुनी पाने उघडली. १९९४ मध्ये हाँग, कँदलोन, पॅटरसन आणि बूत्रॉन यांनी दाखविले की ग्रीक व रोमन काळातही ग्रीनलंडच्या बर्फात शिसे नैसर्गिक प्रमाणाच्या सुमारे चौपट झाले होते. कारण सरळ आहे. चांदी ही शिशाच्या खनिजापासून वेगळी करीत, आणि चांदीची नाणी पाडण्यासाठी भट्ट्या धडधडत असत. त्यांचा धूर हजारो मैल दूरच्या बर्फावर उतरला. साम्राज्याच्या वैभवाची नोंद दरबारी लेखकांनी केली. खाणीत व भट्टीवर राबणाऱ्यांनी जो धूर श्वासात घेतला, त्याची नोंद बर्फाने ठेवली. पॅटरसन यांनी प्राचीन चांदीच्या साठ्यांवर अर्थशास्त्रीय इतिहासाच्या नियतकालिकातही लिहिले आहे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावे.

पेरूमधील प्राचीन सांगाड्यांच्या हाडांशी आधुनिक माणसाच्या हाडांची तुलना केली, तेव्हा आजच्या हाडांत शेकडो पट शिसे आढळले. १९८० मध्ये डोरोथी सेटल यांच्यासह त्यांनी डबाबंद माशांतील शिशाकडे लक्ष वेधले. डब्याची शिवण शिशाच्या डाकाने जोडलेली असे आणि तेथून ते अन्नात उतरे.

मोजावी लागलेली किंमत

सत्य सांगण्याची किंमत पॅटरसन यांनाही द्यावी लागली. पेट्रोलियम उद्योगाकडून त्यांच्या समुद्रसंशोधनास मिळणारा निधी बंद झाला. सरकारी आरोग्य खात्याचा करारही पुढे चालू राहिला नाही. १९६६ मध्ये सिनेटर एडमंड मस्की यांच्या समितीपुढे त्यांनी साक्ष दिली. त्याच समितीपुढे किहो यांचीही साक्ष झाली. १९७१ मध्ये हवेतील शिशावर राष्ट्रीय संशोधन परिषदेचा अहवाल निघाला, तेव्हा त्या विषयातील या अग्रगण्य संशोधकाला समितीवर घेण्यात आले नव्हते. पुढे १९७८ मध्ये त्यांना अशा एका समितीवर घेतले गेले. बहुमताचे शब्द पुरेसे स्पष्ट नाहीत असे वाटल्यावर त्यांनी आपले वेगळे मत सविस्तर लिहून अहवालास जोडावयास लावले. एका सभासदाचे भिन्न मत नोंदवून ठेवणे किती महत्त्वाचे असते, हे समित्यांवर काम करणाऱ्या आपल्या बंधुभगिनींना सांगावयास नको.

मानसन्मानही उशिराच आले. १९८० मध्ये गोल्डश्मिट पदक, १९८७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचे सदस्यत्व आणि १९९५ मध्ये टायलर पुरस्कार. संस्थेत प्राध्यापक हे पद त्यांना १९८९ मध्ये, निवृत्ती तोंडावर आली असताना लाभले. ५ डिसेंबर १९९५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर एका महिन्याच्या आत, १ जानेवारी १९९६ पासून, अमेरिकेत रस्त्यावरील वाहनांसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री पूर्णतः बंद झाली.

परिणाम : जगात आणि आपल्या घरी

हे यश एकट्या पॅटरसन यांचे नव्हते. हर्बर्ट नीडलमन यांनी १९७९ मध्ये मुलांच्या दुधाच्या दातांतील शिसे आणि त्यांची बुद्धी, एकाग्रता यांचा संबंध दाखविला. मोटारींच्या धुराड्यात बसविलेले नवे शुद्धीकरण यंत्र शिशामुळे निकामी होत असल्याने कारखानदारांनाही शिसेविरहित पेट्रोल हवे झाले. परंतु ‘नैसर्गिक’ पातळी किती, हे मोजून सांगणारा माणूस पॅटरसनच होते. परिणाम आकड्यांतच पाहा. अमेरिकेतील नागरिकांच्या रक्तातील शिशाची सरासरी १९७६ ते १९८० या काळात १२.८ मायक्रोग्रॅम होती. ती १९८८ ते १९९१ या काळात २.८ वर आली.

भारतात १९९५ मध्ये चार महानगरांतून शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि २००० साली शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. म्हणजे आपल्या शाळेच्या ज्या माजी विद्यार्थ्यांचे बालपण त्याआधीचे आहे, त्यांनी रस्त्याकडेला हाच धूर श्वासात घेतला आहे. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये हे पेट्रोल बंद केले. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावे, असा नियम भारतात २०१६ मध्ये झाला व २०१७ पासून लागू झाला.

तरीही धोका संपलेला नाही. जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून शिसे वितळविण्याचे काम अनेक ठिकाणी वस्त्यांलगत चालते आणि ते काम करणारे बहुधा गरीब घरचेच असतात. जुन्या भिंतींवरील रंगाचे पोपडे, काही प्रकारचा सुरमा आणि शेंदूर, झळाळी यावी म्हणून लेड क्रोमेट मिसळलेली हळद यांतूनही शिसे घरात येते. वाढत्या वयाच्या मुलाचे शरीर शिसे मोठ्या माणसापेक्षा अधिक शोषून घेते आणि मेंदूची झालेली हानी सहसा भरून येत नाही. मुलांच्या बाबतीत सुरक्षित म्हणावी अशी शिशाची पातळी आज वैद्यकशास्त्र मानीत नाही. पालकांनी जुना रंग कोरडा घासू नये, मुलांना बॅटरीच्या भंगारापासून दूर ठेवावे, जेवणापूर्वी हात धुण्याची सवय लावावी, हळद शक्यतो अख्खी घेऊन दळून आणावी. भंगार वितळविण्याचे काम करणाऱ्यांनी कामाचे कपडे घरात आणू नयेत. शंका वाटल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घ्यावे.

सारांश

पॅटरसन यांच्या जीवनातून तीन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, चुकीचा आकडा फेकून न देता त्याचे कारण शोधावे. त्यातून मूळ प्रश्नाहून मोठा प्रश्न हाती येऊ शकतो. दुसरी, अधिकारी व्यक्ती कोण आहे यापेक्षा तिचा पुरावा काय आहे आणि तिला पैसा कोण पुरवितो, हे पाहावे. तिसरी, मत मांडून थांबू नये, मोजून दाखवावे. अन्यायाविरुद्ध आवाज उठविणाऱ्याजवळ आकडे असले की तो आवाज दाबणे कठीण जाते. आपल्या मुलामुलींनी प्रयोगशाळेत, अभिलेखागारात, न्यायालयात जाऊन ही मोजणी शिकावी, असे आम्हांस मनापासून वाटते.

विद्यार्थ्यांनी विचार करावयाचे प्रश्न

१. पृथ्वीवरील खडकांऐवजी अशनीतील शिसे का मोजावे लागले?

२. बर्फाचे थर आणि ऐतिहासिक दप्तर यांत साम्य कोणते व भेद कोणता?

३. ‘सर्वसाधारण’ आणि ‘नैसर्गिक’ या शब्दांतील फरक आपल्या परिसरातील एका उदाहरणाने स्पष्ट करा.

४. आपल्या घरात आणि वस्तीत शिसे कोठून येऊ शकते, याची पाहणी करून यादी तयार करा आणि ती घरातील मोठ्यांना वाचून दाखवा.